पाहुण्यांना न दाखवायची ठिकाणं

अक्का,

तुम्ही जाऊन आता पंधरवडा होत आला. खालच्या खोलीचं दार दिवसभर उघडं असतं. दादा पेपर समोर धरून बसतात, पण पान उलटत नाहीत. मी शाळेच्या ऑफिसातून आले की घरात शिरायच्या आधी जरा थबकते, कारण इतकी वर्षं तुम्ही मला दारातच गाठायचात. "वंदना, एक जागा कळली बघ." पर्स खांद्यावर, भाजीची पिशवी हातात, आणि मी ऐकता ऐकताच नाही कसं म्हणायचं ते ठरवत असायची.

तुमचा जन्म कुठला, मागं कोण कोण, ते सगळं पेपरात दिलं. फोटो दादांनी निवडला. कुणाच्या तरी लग्नातला आहे, आणि त्यात तुम्ही फोटो काढणाऱ्यावरच चिडलेल्या दिसता. मी म्हटलं दुसरा देऊ या. ते म्हणाले, हिचा हसतानाचा फोटो कुणी काढलाच नाही. हसतानाचे तुमचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहेत. त्यातले बहुतेक त्या जागांवरचे आहेत, म्हणून ते मी कुणाला दाखवले नाहीत.

आपण दोघी जावा. तुम्ही थोरल्या, मी धाकटी. पाचोडकडचं शेत बटाईनं लावून दोघे भाऊ चिकलठाण्याच्या कंपनीत लागले, गारखेड्यात घर झालं, तुम्ही खाली आणि मी वर. वेरूळ-अजिंठ्याजवळच्या या शहरात सून होऊन आलेल्या बाईच्या नशिबी पाहुणे फार. पुण्याचे, नांदेडचे, कुणाचे कोण. आले की सकाळी वेरूळ, येताना दौलताबाद, संध्याकाळी मकबरा. उरलेल्यांसाठी दुसऱ्या दिवशी अजिंठा. दशम्या आपण करायच्या, पाण्याच्या बाटल्या आपण भरायच्या, पोरांच्या चपला आपण शोधायच्या. मकबऱ्यासमोरचे ढीगभर फोटो आपल्या घरात आहेत, सगळे आपण काढलेले, आणि आपण एकातही नाही.

एकदा कैलास लेण्यात तुम्ही नणंदेच्या नातवाला कडेवर घेऊन उभ्या होतात. तो रडत होता. मी म्हणाले, अक्का, काय कोरलंय ना. तुम्ही म्हणालात, "असंल. मला हितं मान वर करून बघायला कधी सवडच झाली नाय." त्याच दिवशी परत येताना गाडीत तुम्ही हळूच माझ्या कानाशी बोललात. पाहुण्यांना दाखवायची ठिकाणं येगळी, आपण जायची येगळी काढू. मला वाटलं, दमलेल्या बाईचं बोलणं आहे, उद्या विसरेल.

तुम्ही विसरला नाहीत. दूधवाल्याला विचारलंत, भांडी घासायला येणाऱ्या मावशीला विचारलंत, एसटीत शेजारी बसलेल्या बाईला तुझं माहेर कुठलं, तिथं बघण्यासारखं काय आहे, म्हणून विचारलंत. त्यातून अन्व्याचं देऊळ निघालं, सोयगावकडचा वेताळवाडीचा किल्ला निघाला, गौताळ्याच्या जंगलाकडेचे झरे निघाले. तिथं तिकीट नसायचं, हॉटेल नसायचं, पार्किंगवाला नसायचा. सलीमभाईंचा टेम्पो सगळ्या मिळून करायच्या, डबा घरचा, आणि कुणालाही नवऱ्यापुढं हात पसरायला लागू नये एवढ्यातच भागलं पाहिजे, ही तुमची अट होती.

पहिल्यांदा अन्व्याला गेलो तो दिवस मला काल झाल्यासारखा आठवतो. देवळाच्या ओट्यावर आपल्या कॉलनीतल्या दहा-बारा बायका पाय पसरून बसल्या होत्या. नुसत्या बसल्या होत्या. कुणाला पाणी द्यायचं नव्हतं, कुणाच्या चहाची वेळ झालेली नव्हती. मागच्या गल्लीतल्या मंगलताई तर खांबाला टेकून चक्क झोपल्या, आणि तुम्ही सगळ्यांना खुणेनं गप्प केलंत. तुम्ही त्यांच्याकडं बघून हसत होतात तेव्हा मी फोटो काढला. तो आहे माझ्याकडं.

आपलं पहिलं भांडण झालं ते देवाच्या नावावरून. घरून सोडायचे नाहीत म्हणून तुम्ही प्रत्येक सहलीला देवदर्शन म्हणायचात. किल्ल्यावर जायचं तर खालचा मारुती सांगायचा, झऱ्यावर जायचं तर तिथलं महादेवाचं ठाणं. मी म्हणायची, हे खोटं आहे, कधीतरी अंगावर येईल. तुम्ही म्हणायचात, देव तर असतोच ना तिथं, खोटं काय त्यात. मला ते पटायचं नाही.

आणि मग ते लेणं.

दोन वर्षं होतील. हिवाळा सरत आला होता. कन्नडच्या पुढं डोंगरात, दरीत उतरून जायचं लेणं. नाव मी इथंही लिहीत नाही. नाव घेतलं तर लोक उगीच भितील, कुणीतरी जाऊन तिथल्या मधमाशांना जाळून येईल, असं तुम्हीच आम्हाला बजावलं होतं. इथं मी माणसांची नावंही बदलली आहेत, घरं बदलली आहेत. हे कुणी वाचलं तरी ओळखणार नाही एवढी काळजी घेतली आहे. पण तुमच्याशी बोलताना आता खरं तेच बोलणार.

त्या दिवशी पहिल्यांदाच लीलाकाकू आल्या होत्या. आपल्या समोरच्या घरातल्या. देवधर्माच्या, कडक शिस्तीच्या, कुणाच्या घरचं पाणीसुद्धा सहसा न पिणाऱ्या. तुम्हाला खरं तर त्यांची सून हवी होती, सुमन. लग्न होऊन चार वर्षं झाली होती आणि पोरगी एकटी कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा जात नव्हती. सासू बरोबर असेल तरच नवरा सोडणार, म्हणून तुम्ही आधी सासूला राजी केलंत. देवीचं जागृत स्थान आहे म्हणालात. मी तुमच्याकडं बघितलं, तुम्ही दुसरीकडं बघितलंत.

पायऱ्या उतरून खाली आल्यावर तुम्ही सगळ्यांना थांबवून वर बोट दाखवलंत. कड्याच्या पोटाला काळी पोळी लटकत होती, एकेक परातीएवढं. "आग्या मोहोळ हाय. अत्तर लावलं असंल तर पुसा. धूर करायचा नाय, आरडाओरडा करायचा नाय. आपण गप ऱ्हायलो की त्या बी गप ऱ्हात्यात." सगळ्या एकदम दबक्या आवाजात बोलायला लागल्या. त्याचंच हसू यायला लागलं, आणि हसणंही पदरात दाबून चाललं होतं.

लेण्यासमोरच्या सपाटीवर आपण सतरंज्या अंथरल्या. सुमन तेवढ्यात कोरड्या ओढ्यापलीकडं दिसणाऱ्या छोट्या लेण्यांकडं निघाली. लीलाकाकू तिला हाक मारणार होत्या. तुम्ही म्हणालात, जाऊ द्या तिला, जरा एकटी फिरू द्या. तुमचं हे वाक्य पुढं फार जणांनी फार वेळा उगाळलं.

मी पुऱ्या काढत होते. कापराचा वास आला. वळून पाहिलं, तर लीलाकाकू आत, झिजून गेलेल्या एका बाईच्या मूर्तीपुढं उभ्या. डब्याच्या झाकणात कापूर पेटलेला, हातात उदबत्त्यांचा जुडगा, डोळे मिटलेले. त्या मनोभावे उभ्या होत्या, अक्का. हे मी आजही सांगितलं पाहिजे. मी त्यांच्याकडं धावले, तुम्हीही बघितलंत, तुम्ही माझ्या पुढं होतात. झाकण तुम्ही पायानं उडवलंत. तोवर वरून आवाज सुरू झाला होता. घाट चढणाऱ्या ट्रकचा येतो तसा.

"सतरंज्या घ्या अंगावर! तोंड झाका, जमिनीला चिकटा."

डबे उधळले, भाजी सगळीकडं सांडली. मी म्हटलं पायऱ्यांनी वर पळू या, टेम्पो वर आहे. माझं मनगट धरून तुम्ही मला खाली ओढलंत. "पायऱ्या चढंस्तवर मरशील. निज." आपण तेवढ्यातही भांडलो, अक्का. आठवून आज नवल वाटतं.

सतरंजीखाली अंधार, उकाडा, एकमेकींचे श्वास. वरून गारा पडाव्यात तसं काहीतरी आपटत होतं. कुणीतरी देवाचं नाव घेत होतं, कुणीतरी नुसतं कण्हत होतं. माझ्या शेजारी लीलाकाकू होत्या. त्यांनी माझा हात घट्ट धरला होता आणि त्या हाताला कापराचा वास येत होता. तुम्ही अंधारात चाचपडत एकेकीच्या डोक्यावर हात ठेवत गेलात. मग थांबलात.

"सुमन कुठंय?"

 आणि मग ओढ्यापलीकडून ओरडणं ऐकू आलं. एकदाच. दुसरं आलं नाही, त्याचीच जास्त भीती वाटली.

तुम्ही पदर तोंडाभोवती गुंडाळलात, बसायला आणलेली चादर ओढून घेतलीत. मी तुमचा पाय धरला. खरोखर, घोट्याशी दोन्ही हातांनी धरला. तुम्ही झटकलात आणि गेलात. जाताना सतरंजीची कड पुन्हा नीट आत खोचून गेलात, एकही माशी आत शिरू नये म्हणून.

त्यानंतर मी किती वेळ तशी पडून होते ते मला सांगता यायचं नाही. एवढंच आठवतं की लीलाकाकू सारख्या पुटपुटत होत्या, मी काय केलं, मी काय केलं. आवाज हळूहळू विरळ झाला. मग वरून सलीमभाईंची हाक आली. ते अंगावर घोंगडी घेऊन पायऱ्या उतरत होते. मी सतरंजीची कड उचलली, तेव्हा तुम्ही ओढ्यातून येत होतात. चादर सुमनच्या अंगावर होती. तुमच्या अंगावर पांघरायला काहीच उरलं नव्हतं. तुम्ही तिला अर्धी उचलून, अर्धी फरपटत आणत होतात.

टेम्पोत बसल्यावरही केसांत अडकलेल्या माशा गुणगुणत होत्या. कुणीतरी खिडकीला हात घातला. सलीमभाई ओरडले, "बाजी, कांच नक्को खोलो!" आणि कन्नडपर्यंत ते ज्या वेगानं आले, त्या वेगानं त्यांनी गाडी कधी चालवलेली नव्हती.

कन्नडच्या दवाखान्यात तुमचा चेहरा बघून नर्सनं मला विचारलं, या कोण तुमच्या? मला सांगायला वेळ लागला, कारण चेहऱ्यात तुम्ही कुठं दिसतच नव्हतात. सुमनचं बीपी उतरलं होतं. तिला लगेच शहरात हलवलं, मागून तुम्हाला. दोघींच्या खाटा एकाच वॉर्डात आल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुमनचा नवरा, प्रसाद, तुमच्या खाटेशी आला. आवाज चढवला नाही त्यानं. ते जास्त लागलं. म्हणाला, बायकांना जंगलात न्यायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? तुम्हाला काय कळतं त्यातलं? माझ्या बायकोला एकटीला पलीकडं जाऊ कुणी दिलं? उद्या तिचं काही झालं असतं तर मी कुणाला विचारायचं होतं? तुमच्या पापण्या सुजून मिटलेल्या होत्या. आवाज आला त्या दिशेला तुम्ही तोंड केलंत आणि म्हणालात, "चुकलं बाबा माझं."

मी तोंड उघडलं. तुम्हाला दिसत नव्हतं, तरी कळलं. सलाईनच्या हातानं तुम्ही माझी बोटं दाबलीत. वॉर्डाच्या दारात लीलाकाकू डबा घेऊन उभ्या होत्या. त्या जमिनीकडं बघत होत्या.

तो गेल्यावर मी तुमच्यावर अशी चिडले की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. मी म्हटलं, कापूर कुणी लावला ते तुम्ही बघितलंय, मी बघितलंय. तुम्ही का ऐकून घेतलंत?

"देवदर्शन म्हणून तिला मीच नेली ना. मग ती हात जोडणारच. तिचं काय चुकलं?"

"तुम्ही धूर करू नका म्हणून सांगितलं होतं."

"बोलायचं नाय, वंदना. मला चार लोक नावं ठेवतील आन विसरतील. सुमनला त्या घरात ऱ्हायचंय. रोजचा सैपाक दोघींनी एका गॅसवर करायचाय."

"आणि बाकीच्या? त्यांना आता कोण सोडणार? एका घरासाठी तुम्ही दहा घरांची दारं लावून घेताय."

 तुम्हाला झोप लागली, की तुम्ही झोपेचं सोंग घेतलंत, ते त्या सुजलेल्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता.

मी म्हटलं तसंच झालं. मोबाइलवरच्या सहलीच्या ग्रुपमधून एकेक जण बाहेर पडत गेली. काहींनी निरोपाचे हात जोडले, काहींनी तेही नाही. मंगलताईंच्या नवऱ्यानं दादांना रस्त्यात अडवून ऐकवलं. दादा घरी येऊन एवढंच म्हणाले, आता पुरे. सुमन बरी होऊन घरी आली, पण समोरचं दार आपल्यासाठी उघडलं नाही. लीलाकाकू मला बाजारात दिसल्या की वाट बदलायच्या. मी मात्र बदलायची नाही. मी तशीच त्यांच्या अंगावरून जायची आणि त्यांच्याकडं बघायची. तुम्हाला ते कळलं तेव्हा तुम्ही मला रागावलात. मी म्हटलं, गप्प बसायचं कबूल केलंय, डोळे मिटायचं नाही.

दोन वर्षं आपण तेच भांडण भांडत राहिलो. कधी डाळ निवडताना, कधी गच्चीवर कपडे वाळत घालताना. मी प्रत्येक वेळी नवा मुद्दा काढायची, तुम्ही प्रत्येक वेळी जुनंच उत्तर द्यायचात. कधी कधी वाटायचं, तुमच्याकडं आणखी काहीतरी आहे आणि तुम्ही ते मला देत नाही आहात. पण मग तुम्ही विषय बदलून विचारायचात, आज भाजी काय करू?

त्याच काळात एकदा तुम्ही म्हणालात, चल, पाचोडला जाऊ, बाजार हाय आज. मला हसू आलं. ज्या गावचा सातबारा आपल्या घरात, ते काय फिरायला जायचं ठिकाण झालं? तुम्ही ऐकलं नाहीत. आपण दोघी एसटीनं गेलो. भावकीतल्या कुणाच्याही घरी गेलो नाही, डोक्यावरून पदर घेतला नाही. बाजारात उभ्यानं गरम भजी खाल्ली. बांगड्यावाल्याशी तुम्ही उगीचच घासाघीस केलीत आणि घेतलं काहीच नाही. पिंपळाखाली बसून येणारी-जाणारी माणसं बघितली. तुम्ही म्हणालात, या गावाला तीस वर्षं सून म्हणूनच येते, बाजार कसा भरतो ते आज बघितलं. परतीच्या गाडीत तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलात. त्या दिवशी आपण भांडलो नाही. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या सहली मोजक्याच आहेत, त्यांतली ती एक. आणि ती तुम्ही दिलीत हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही.

मग ती सकाळ. तुम्ही कणीक मळत होतात. दादांना म्हणालात, छातीत कसंतरी होतंय, आणि हात धुवायला उठलात. मी वरून येईपर्यंत तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात, हाताला कणीक तशीच. रिक्षा आली, दवाखाना झाला, सगळं झालं. डॉक्टरांना मी बाजूला घेऊन विचारलं, दोन वर्षांपूर्वी यांना फार माशा चावल्या होत्या, त्याचं काही असेल का? ते म्हणाले, नाही, त्याचा काही संबंध नाही. मी मान हलवली. अजूनही सकाळी जाग आली की मी तेच विचारते, आणि विचारायला समोर कुणी नसतं.

परवा बायका बसायला आल्या होत्या. जुन्या ग्रुपातल्या बऱ्याच जणी होत्या. लीलाकाकू आल्या, बरोबर सुमन. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या आपला उंबरा ओलांडत होत्या. मी त्यांना बसायला सतरंजी दिली आणि त्यांच्यासमोरच बसले. चहा फिरला. तुमच्याबद्दल चांगलं बोलणं चाललं होतं. हाताला चव होती, कुणाचं दुखलंखुपलं की आधी धावायच्या. मग मंगलताईंनी उसासा टाकला. म्हणाल्या, "सोन्यासारखी बाई. त्या सहलीतच काय ती चुकली बिचारी."

दोन-चार माना हलल्या.

अक्का, शब्द जिभेवर आला होता. तुम्ही नव्हतात, माझी बोटं दाबायला कुणी नव्हतं. मला अडवणारं एकही माणूस त्या खोलीत नव्हतं. मी लीलाकाकूंकडं बघितलं. बशी त्यांच्या हातात तशीच होती, चहा न प्यालेला. मी सुमनकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती, पापणी न हलवता, आणि तिनं अगदी थोडी मान हलवली. नको.

मी श्वास आत घेतला. आणि तेवढ्यात लीलाकाकूंनी बशी खाली ठेवली.

"नाही," त्या म्हणाल्या. "तिचं काही चुकलं नव्हतं."

सगळ्या त्यांच्याकडं वळल्या. मी वाट बघत होते. पुढचं वाक्य येईल, आता येईल. त्यांचे ओठ हलले. पण आलं नाही. मग कुणीतरी म्हणालं, खरं आहे, गेलेल्या माणसाला काय बोलायचं, आणि बोलणं दुसरीकडं गेलं. सगळ्यांना ती रीतभात वाटली. मला मात्र राग आला. दोन वर्षांनी एवढंच? एवढ्यात भागलं?

त्या निघाल्या तेव्हा सुमन मुद्दाम मागं राहिली. फाटकाशी तिची स्कूटी होती. ती आता गाडी चालवते, हे मला माहीतच नव्हतं. लीलाकाकू रस्ता ओलांडून घरात गेल्या. मी न राहवून विचारलं, तू मला नको का म्हणालीस? तुला काय माहीत आहे?

ती म्हणाली, "काकू, मी पलीकडच्या लेण्यात होते. तिथून समोरचं सगळं दिसतं. मला ज्योत दिसली होती."

मग तिनं सांगितलं, आणि मी फाटक धरून ऐकत राहिले. वॉर्डात दुसऱ्या दिवशी पहाटे तिला शुद्ध आली, तेव्हा मी चहा आणायला गेले होते. ती तुमच्याशी बोलली. ज्योत दिसल्याचं सांगितलं आणि म्हणाली, कुणाला सांगू नका. प्रसादला कळलं तर तो आईला गावी नेऊन ठेवेल, आणि सुनेनं सासूला घराबाहेर काढलं म्हणून जन्मभर माझं नाव लागेल. तुम्ही तिला शब्द दिलात. प्रसाद तुमच्याशी बोलायला आला, त्याच्या कितीतरी आधी.

म्हणजे दोन वर्षं मी तुमच्या चांगुलपणाशी भांडत होते, आणि खरं कारण होतं तुम्ही सुमनला दिलेला शब्द. आणि तुम्ही मला भांडू दिलंत.

सासूबाईंना माहीत आहे का तुला माहीत असल्याचं, मी विचारलं. नाही, ती म्हणाली. तुम्ही गेल्याचं कळल्यापासून त्या धड जेवल्या नाहीत. आज जे बोलल्या तेवढं तरी बोलायचं म्हणून सकाळपासून देवापुढं बसून होत्या. माझा राग थोडा उतरला, सगळा नाही.

मग तिनं ते सांगितलं. गेल्या हिवाळ्यात तुम्ही दोघी परत तिथं गेला होतात. त्याच लेण्यात. एसटीनं कन्नड, तिथून जीप. घरी काय सांगून गेलात देव जाणे. सुमनला त्या जागेची स्वप्नं पडायची, झोपेत ओरडायची, म्हणून तुम्हीच तिला म्हणालात की चल, एकदा जाऊन बघून येऊ. पायऱ्यांवर तिचे पाय थिजले तेव्हा तुम्ही खालच्या पायरीवर उभ्या राहून तिचे हात धरलेत आणि एकेक पायरी उलट्या उतरत तिला खाली नेलंत. मोहोळं नव्हती तेव्हा. कड्यावर नुसते काळे डाग होते. ओढ्यापलीकडं बसून दोघींनी पोळी-भाजी खाल्ली. त्यानंतर तिला ती स्वप्नं पडली नाहीत.

अक्का, मला हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. मला काय झालं ते सांगते. मला तिचा हेवा वाटला. मी तुमच्यासाठी अख्ख्या कॉलनीशी वाकडं घेतलं, आणि तुम्ही तिला घेऊन गेलात.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

सुमन म्हणाली, मीही तेच विचारलं होतं. वंदनाकाकूंना तरी सांगू या, म्हटलं होतं. तेव्हा अक्का हसल्या. तुम्ही कशा हसलात तेही तिनं सांगितलं, ओठांवर हात ठेवून, खांदे हलवत. आणि म्हणालात, "नको गं. तिला कळलं की मी शब्दापायी गप हाय, तर ती भांडायची थांबंल. माझ्या बाजूनं भांडणारं एवढं एकच माणूस हाय."

सुमन गेली. मी फाटकाला कडी घालून पायरीवर बसले. आतून दादा विचारत होते, कोण होतं गं.

मग मी तिथंच बसून तुमच्याशी मनातल्या मनात खूप बोलले. तुम्ही मला सांगायला हवं होतं. शब्द दिला असलात तरी मी काही परकी नव्हते, माझ्या पोटात राहिलं असतं. तुम्ही चुकलात, अक्का. हे माझं म्हणणं आहे आणि ते आता बदलणार नाही. आणि तुम्ही चुकलात असं या गल्लीत पुन्हा कुणी म्हणालं, तर मी त्याच्याशी भांडणार आहे, तेही बदलणार नाही.